मोकळ्या जनावरांची विचारपूस

गेल्या वर्षी मे महिन्याच्या सुट्टीत आपाकडे केंब्रिजला गेले होते. तीन आठवडे राहिले. परत आल्यावर शाळेत सगळ्यांनी विचारलं, विद्यापीठ पाहिलं का, लंडन पाहिलं का. पाहिलं. पण घरी आल्यापासून मनात घोळतंय ते वेगळंच. केंब्रिजच्या बाहेर दलदलीचा एक तुकडा आहे. तिथे अकरा घोडे आणि चौदा गुरं आहेत, आणि त्यांची रोज सकाळी विचारपूस करायला जाणारी आपाच्या शेजारची एक म्हातारी बाई.

आपाचं घर मिल रोडपासून चालत पंधरा मिनिटांवर. त्या रस्त्यावर २०१९ मध्ये उघडलेली मोठी मशीद आहे. आत लाकडी खांब झाडांसारखे वर जातात आणि छतापाशी त्यांच्या फांद्या एकमेकींत गुंफल्या जातात. जुम्याला तिथे गेलो. दुल्हाभाईंनी सांगितलं की ही मशीद पर्यावरणाचा विचार करून बांधली आहे, दिवसा दिवे लावायची फारशी गरजच पडत नाही. बाहेर बागेत बसलो असताना आपाने शेजारणीची गोष्ट काढली. "तुला जनावरांची आवड ना? त्या रोज घोडे मोजायला जातात. विचारते त्यांना."

घोडे मोजायला? मला वाटलं आपा थट्टा करतेय.

इंग्लंडमध्ये मे महिन्यात फज्र रात्री तीनच्या आसपास होते आणि इशाला अकरा वाजून जातात. झोपेचं गणित पार बिघडलेलं. त्यामुळे सकाळी सातला शेजारच्या बाईंच्या गाडीत बसायला मला काहीच अडचण नव्हती. बाई सत्तरीच्या. पूर्वी टपाल वाटायच्या. अजूनही झपझप चालतात. मागच्या सीटवर गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, दुर्बीण आणि प्लास्टिकच्या पिशवीत घातलेली एक वही. आपाचे बूट मला एक नंबर मोठे होत होते, आत दोन मोजे घातले.

आधी तो मुलूख कसा आहे ते सांगते, कारण मला तो अगदीच परका वाटला नाही. माझं माहेर म्हसळा तालुक्यातलं, राजपुरी खाडीच्या काठचं. खारभूमी म्हणजे काय, बांध फुटला की काय होतं, हे आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही. केंब्रिजच्या उत्तरेचा हा सगळा प्रदेश, ज्याला ते फेन म्हणतात, एके काळी मैलोन्‌मैल दलदल होता. सतराव्या शतकात कालवे खणून त्यातलं पाणी काढायला सुरुवात झाली आणि काळीभोर, कसदार शेतजमीन हाती आली. पण ती माती म्हणजे हजारो वर्षं पाण्यात न कुजता साचलेलं गवत आणि वेत. पाणी गेलं, हवा लागली, तशी ती आकसत आणि खचत गेली. पीटरबरोजवळ होम फेन नावाच्या जागी १८५०च्या सुमारास जमिनीत एक खांब पुरला होता, डोकं जमिनीच्या पातळीला ठेवून. आज तो सुमारे चार मीटर वर निघालेला आहे. खांब वर आलेला नाही, जमीन खाली गेली आहे. आता तिथे नद्या आणि कालवे शेतांपेक्षा उंचावरून वाहतात आणि शेतातलं पाणी पंपाने वर चढवावं लागतं. आमच्याकडे बांधावर उभं राहिलं की एका बाजूला खाडी वर आणि दुसऱ्या बाजूला भातशेती खाली दिसते ना, तसंच.

मूळ दलदलीचे अगदी थोडे तुकडे शिल्लक राहिले. त्यातला प्रसिद्ध म्हणजे विकेन फेन. नॅशनल ट्रस्ट या संस्थेने तिथले पहिले दोन एकर १८९९ मध्ये विकत घेतले. १९९९ मध्ये त्यांनी शंभर वर्षांची योजना आखली, आजूबाजूची शेतं हळूहळू घेत ५३ चौरस किलोमीटरपर्यंत पोहोचायचं. शंभर वर्षांची! आमच्याकडे शाळेच्या संडासाची योजना पाच वर्षं टिकत नाही. असो.

विकेनला आम्ही एका रविवारी सगळे गेलो. लाकडी पवनचक्की पाहिली, वेताच्या बनातून फळ्यांच्या वाटेवर चाललो आणि लांबून कोनिक घोडे पाहिले. कोनिक हा पोलंडचा घोडा, पोलिश भाषेत या शब्दाचा अर्थच छोटा घोडा. उंदरासारखा करडा रंग, पाठीवर मानेपासून शेपटीपर्यंत एक गडद पट्टा. २००१ मध्ये ते इथे आणले. त्यांच्याबरोबर स्कॉटलंडची हायलंड गुरं, लांब शिंगांची, डोळ्यांवर बटा आलेली. माझा भाचा म्हणाला, "खाला, यांना कटिंगला न्यायला पाहिजे."

ही जनावरं तिथे का? कारण दलदल तशीच सोडली तर दलदल राहत नाही. आधी उंच गवत, मग झुडपं, मग झाडं येतात आणि पाणी शोषून रान कोरडं होतं. पाण्यातली फुलं, टिटवीच्या जातीचे पक्षी, चतुर, सगळे जातात. यंत्राने कापता येतं, पण यंत्र सगळं सारखं कापतं. गाय जिभेने गवत ओढून तोडते, मागे उंचसखल गवत राहतं. घोडा वरच्या-खालच्या दातांनी जमिनीलगत कुरतडतो. खुरांनी खड्डे पडतात, त्यात पाणी साठतं, शेणावर किडे येतात, किड्यांवर पक्षी. माणसाने शंभर मजूर लावून जे जमणार नाही ते ही जनावरं चरता चरता करतात. म्हणजे ती पाळलेलीही आहेत आणि मोकळीही. इथेच खरा पेच आहे. रानटी जनावर मेलं तर अल्लाहची मर्जी म्हणता येतं. पण कुंपण घालून आणलेल्या जनावराचं काय?

शेजारच्या बाई ज्या जागी जातात ती विकेन नव्हे, एक लहान जागा आहे. तिचं नाव मी देत नाही. तिथे घोडे एक्समूर जातीचे, तपकिरी, नाकाजवळ पिठात तोंड घातल्यासारखा फिका रंग. गुरं हायलंडच. कुंपण बाहेरून आहे, आत मात्र गोठा नाही, तबेला नाही, दावं नाही. बारा महिने उघड्यावर. पण इंग्लंडच्या २००६च्या प्राणी कल्याण कायद्याप्रमाणे त्यांची जबाबदारी मालकावरच असते. योग्य जागा, योग्य चारा-पाणी, नैसर्गिक वागण्याची मुभा, सोबत किंवा गरज असेल तर एकांत, आणि दुखण्यापासून संरक्षण, या त्या कायद्यातल्या पाच गोष्टी. मोकळं सोडलं म्हणून यातली एकही माफ होत नाही. म्हणून रोज कुणीतरी जायचं. बाईंचे वार मंगळवार आणि शुक्रवार.

फाटकाशी बाईंनी मला काम दिलं. "तुम्ही गुरं मोजा, मी घोडे मोजते. चालत राहू नका, उभ्या राहून मोजा."

मी बोटांच्या पेरांवर मोजू लागले, तस्बीहसारखं. त्यांनी पाहिलं, काही बोलल्या नाहीत. पहिल्यांदा तेरा आली. दुसऱ्यांदा चौदा. एक वासरू आईच्या मागे बसलं होतं. "चौदा," मी म्हटलं.

"आता एकेक पाहा. कळप पाहायचा नाही. एकेक."

ही गोष्ट मला आवडली. शिक्षकाला ती दुसऱ्या कुणी सांगायला नको, आणि तरी साठ मुलांच्या वर्गात आपण कळपच पाहतो.

काय पाहायचं ते त्या सांगत गेल्या आणि मला आमच्या अब्बांचा आवाज ऐकू येऊ लागला. रवंथ करते का. एकटी बाजूला बसली आहे का. उठताना आधी मागचे पाय उचलते का, की अडखळते. डोळ्यांतून पाणी येतं का, त्यावर माश्या बसल्यात का. शेण घट्ट की पातळ. नाकावर ओल आहे का. अब्बा सकाळी गोठ्यात गेले की पहिल्यांदा बैलाच्या नाकाला हात लावत. इथे हात लावायचा नाही, वीस-पंचवीस पावलांवरूनच पाहायचं. जनावराला माणसाची सवय लागली की ते लोकांच्या पिशव्या हुंगायला येतं, मग लोक पाव देतात, मग एखादा घोडा चावतो. फाटकावर मोठी पाटीच आहे, खायला घालू नका. पाण्याच्या टाकीचा बोंडा चालतो का, कुंपणाची तार तुटली आहे का, कुणी प्लास्टिक टाकलंय का, हेही पाहायचं. प्रत्येक गुराच्या दोन्ही कानांत पिवळे बिल्ले, नंबरासकट. कागदपत्रं आपल्या आधार कार्डापेक्षा कडक.

चालता चालता त्यांनी जंताच्या औषधाची गोष्ट सांगितली. इथे सरसकट जंताचं औषध देत नाहीत. आधी शेण-लीद तपासतात, गरज असेल तरच देतात. कारण काही औषधं शेणात उतरतात आणि शेणकिडे मारतात. शेणकिडे गेले तर ज्या पक्ष्यांसाठी एवढा खटाटोप, त्यांचंच अन्न जातं. मी त्यांना आमच्या चिरगावच्या गिधाडांबद्दल सांगितलं. म्हसळ्याजवळच ते गाव. मेलेल्या जनावराच्या मांसातल्या डायक्लोफेनॅक या दुखण्यावरच्या औषधाने भारतातली गिधाडं कशी संपत गेली, आणि २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली, हे ऐकून बाई थांबल्या. म्हणाल्या, "म्हणजे कुणीतरी दया म्हणूनच दिलेलं औषध."

घोडे मात्र दहाच होते.

बाईंनी तीनदा मोजले. वहीत पाहिलं. मग कुंपणाच्या कडेकडेने निघालो. बुटात पाणी शिरलं. जवळपास पाऊण तास गेला. पांढऱ्या फुलांनी भरलेल्या काटेरी झुडपाच्या आडोशाला ती उभी होती, म्हातारी घोडी. बाकीचे मे महिन्याच्या ओल्या गवतावर फुगून गोल झालेले, आणि हिच्या कमरेची हाडं लांबून दिसत होती. ती चरत होती, पण तोंडातून गवताचे अर्धवट चावलेले गोळे खाली पडत होते.

"दात झिजले," बाई म्हणाल्या. "हिवाळ्यात बारीक झाली तर समजू शकतं, सगळेच होतात. मे महिन्यात बारीक आहे, म्हणजे आता भरणार नाही."

घोड्याच्या अंगाला शून्य ते पाच गुण देतात. मागच्या महिन्यात हिला दोन होते. त्यांनी दीड लिहिले. फोटो काढून त्या भागाच्या अधिकाऱ्याला पाठवला. गुरुवारी जनावरांचा डॉक्टर येणार होता.

मी विचारलं, मग घरी नेऊन भिजवलेलं खाणं का देत नाही? बाईंनी सांगितलं की आदल्या हिवाळ्यात तेही केलं होतं. बंद कुरणात ठेवलं, मऊ खाणं दिलं. ती खायची थोडं, पण दिवसभर कळपाच्या दिशेने तोंड करून ओरडायची. शेवटी परत सोडली. "आता ठरवायचं मला नाही. पण तुम्ही विचाराल म्हणून सांगते, मला वाटतं पुढच्या हिवाळ्यापर्यंत तिला नेऊ नये."

नेऊ नये म्हणजे काय ते मला कळलं. मला राग आला. इतकं मोजायचं, गुण द्यायचे, आणि मग गोळी घालायची? परत येताना गाडीत आम्ही दोघी बोललो नाही.

संध्याकाळी दुल्हाभाईंनी मला हॉलंडची गोष्ट सांगितली. तिथे अ‍ॅमस्टरडॅमजवळ समुद्र हटवून मिळवलेल्या जमिनीवर ओस्टवार्डर्सप्लासेन नावाचं राखीव रान आहे. १९८०च्या दशकात तिथे हेक जातीची गुरं आणि कोनिक घोडे सोडले, पुढे हरणंही. ठरवलं असं की माणसाने मध्ये पडायचं नाही, निसर्ग संख्या ठरवेल. पण भोवती कुंपण. २०१७-१८च्या हिवाळ्यात चारा संपला. तीन हजारांहून अधिक जनावरं गेली, त्यातली बहुतेक उपाशी मरण्याआधी रखवालदारांनी गोळी घालून मारली. लोक कुंपणावरून गवताचे भारे आत फेकत होते. मोठा गदारोळ झाला आणि शेवटी मोठ्या चरणाऱ्या जनावरांची संख्या दीड हजारावर ठेवायचं ठरलं.

दुल्हाभाई म्हणाले, "कुंपण कुणी घातलं, एवढाच प्रश्न आहे."

मला ती हदीस आठवली, मदरशात लहानपणी ऐकलेली. मांजरीला कोंडून ठेवणाऱ्या बाईची. तिने मांजरीला खायलाही घातलं नाही आणि जमिनीवरचे जीव खाऊन जगावं म्हणून मोकळंही सोडलं नाही. मुलांना शिकवताना मी नेहमी पहिल्या अर्ध्यावर भर देते, खायला घातलं नाही. दुसरा अर्धा मला त्या दिवशी ऐकू आला. दोनपैकी एक तरी करायला हवं होतं. कोंडायचं आणि विसरायचं, हा गुन्हा.

कुरण राखायची कल्पना आपल्याला नवीन नाही. अरबस्तानात त्याला हिमा म्हणत. पैगंबर मुहम्मद (स.) यांनी मदिनेजवळ नकी इथे घोड्यांसाठी कुरण राखलं होतं. हजरत उमर (रजि.) यांनी रबजा इथल्या कुरणावर हुनै नावाच्या माणसाला नेमलं आणि सांगितलं की ज्याच्याकडे थोडेच उंट, थोड्याच शेळ्या-मेंढ्या आहेत त्याला आत येऊ दे, पण इब्ने औफ आणि इब्ने अफ्फान यांचे कळप लांब ठेव, त्यांचं मेलं तर त्यांना शेतं आणि खजुराच्या बागा आहेत. दोघेही केवढे मोठे सहाबी! कुरणाला राखणदार असतो आणि राखणदाराला नियम असतो, हे त्यात आहे. बाईंना हे सांगितलं तेव्हा त्यांनी हुनैचं नाव दोनदा विचारून वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतलं. म्हणाल्या, इंग्लंडच्या दक्षिणेकडच्या दलदलीत दुसऱ्यांच्या मेंढ्यांवर नजर ठेवणाऱ्या माणसाला पूर्वी लूकर म्हणत. म्हणजे नुसता पाहणारा.

त्या रात्री झोप आली नाही, कारण मला आमचा सर्जा आठवत होता. अब्बांचा शेवटचा बैल. २०१५ नंतर महाराष्ट्रात बैल कापायला बंदी आली आणि म्हातारा बैल विकायचा मार्ग बंद झाला. कायद्याबद्दल ज्याचं-त्याचं मत असेल, मी फक्त आमच्या गोठ्याचं सांगते. गावात कुणी रात्री टेम्पोतून बैल नेऊन घाटाखाली सोडले. अब्बा म्हणाले, ज्याने पंधरा वर्षं नांगर ओढला त्याला रस्त्यावर सोडणार नाही. सर्जा बसला तो उठलाच नाही. चार महिने अब्बा त्याला भाताची पेज पाजत होते, अंगाला जखमा होऊ नयेत म्हणून रात्री उठून, शेजारच्या मुलांना बोलावून, त्याची कूस बदलत होते. तरी जखमा झाल्या. त्यात किडे पडले. तो ओरडायचा तेव्हा अम्मी खिडकी लावून घ्यायची. आम्ही सगळ्यांना अभिमानाने सांगतो की अब्बांनी शेवटपर्यंत सांभाळलं. खरंच सांभाळलं. पण त्या चार महिन्यांत सर्जाला गुण द्यायला कुणी असतं तर? अब्बांनी एकदाच, अस्रच्या नमाजनंतर, म्हटलेलं मला आठवतं, "या अल्लाह, याला सोडव." त्यांना स्वतःला सोडवता येत नव्हतं.

शुक्रवारी मी परत बाईंबरोबर गेले. त्यांना सर्जाचं सांगितलं. त्यांनी घोडीबद्दल पुन्हा काही समजावलं नाही, मीही विचारलं नाही. त्या दिवशी घोडे अकरा भरले. म्हातारी कळपात उभी होती, एक तरणी घोडी तिची मान खाजवत होती, दातांनी, अगदी मन लावून. बाईंनी वहीत तेही लिहिलं.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. दुसऱ्या आठवड्यात आपाचा व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप आला, शेजारणीने तुला कळवायला सांगितलंय, आता दहा मोजतात. डॉक्टर आला तेव्हा ती चरत होती, कळपातच, म्हणे कळलंही नाही तिला. मी इन्ना लिल्लाह लिहायला घेतलं आणि थांबले, घोडीसाठी लिहितात का ते कळेना. मग लिहिलं.

त्याच महिन्यात माणगावहून रात्री एसटीने येत होते. पाऊस. मुंबई-गोवा महामार्गावर नेहमीप्रमाणे गुरं बसलेली, कोरड्या डांबरावर बसतात तशी ओल्यावरही. ड्रायव्हरने हॉर्न वाजवून काढल्या. मी खिडकीतून मोजल्या, सात. सहा उठल्या. सातवी तपकिरी गाय मागचा उजवा पाय टेकवत नव्हती. पूर्वी मी कळप पाहिला असता आणि डोळे मिटले असते. १९६२ हा जनावरांच्या दवाखान्याचा टोल-फ्री नंबर मी गावी बचत गटाच्या बायकांना सांगत असते, स्वतः कधी लावला नव्हता. सकाळी लावला. पलीकडून विचारलं, जनावर तुमचं आहे का? नाही म्हटलं. मालक कोण? माहीत नाही. मग नेमकं कुठे?

किलोमीटरचा दगड मी रात्रीच बसच्या तिकिटामागे लिहून ठेवला होता. तो वाचून दाखवला.